जुन्या नाशकातल्या भिंती रंगवण्याआधी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ जवळ आला की नाशकात रस्त्यांइतकीच घाई भिंतींची होते. पुलांचे कठडे, शाळांची कुंपणे, उड्डाणपुलाचे खांब, जिथे शिडी लागेल तिथे चित्रे निघतात. चित्रांना माझा विरोध असण्याचे कारण नाही. सारी नोकरी मुलांना चित्रकला शिकवण्यात गेली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या कितीतरी पोरांचे हात धरून रेघा काढून घेतल्या. पण आता हे रंगकाम जुन्या गावठाणाच्या गल्ल्यांत शिरू लागले आहे आणि त्याबद्दल वेळेवर बोलले पाहिजे, म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे. जुन्या नाशकात आणि पंचवटीत भिंतीवर चित्र काढायचे तर ते ज्या जागेची गोष्ट सांगते त्याच जागी काढा, सिमेंटच्या भिंतीवर काढा, आणि ही चित्रे ओळीने अशी जोडा की परक्या माणसाला कोणाच्या मदतीशिवाय, आपल्या पायांनी हे गाव फिरता येईल.

मी तिवंध्याजवळ राहते. आमच्या ओट्यावरून रोज कोणी ना कोणी वाट चुकलेले दिसते. बाहेरगावच्या पाहुण्याचे नाशिक म्हणजे रामकुंड, काळाराम, सीतागुंफा. एवढे आटोपले की त्र्यंबक नाहीतर शिर्डी. त्यातले थोडे चौकस असतात ते नदी ओलांडून अलीकडे येतात, फोनच्या नकाशावर बोट फिरवत गल्लीच्या तोंडाशी थबकतात आणि विचारतात, "मावशी, इथे बघण्यासारखे काय आहे?" या प्रश्नाने मला दर वेळी कळ लागते, कारण उत्तर त्यांच्या पायाखाली असते आणि त्याची खूण कुठेच नसते. ते उभे असतात त्या चौकाच्या पोटात पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंगपंचमीचा दगडी हौद, आहे, चार पावलांवर तिळभांडेश्वराची गल्ली आहे. उभ्या उभ्या किती सांगणार? ते मान डोलावतात, चहा कुठे मिळेल ते विचारतात आणि रिक्षा पकडतात.

माझी भाची वांद्र्याला असते. तिच्याकडे गेले असता तिने मला एका सकाळी चॅपेल रोड आणि रानवर या भागात नेले. रानवर ही वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी एक, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची वस्ती. या मंडळींची बोली मराठीच. बैठी कौलारू घरे, बाहेरच्या अंगाने चढणारे लाकडी जिने, चौकात क्रूस, आणि कुंपणाच्या भिंतींवर देशोदेशीच्या चित्रकारांनी काढलेली चित्रे. बरोबर वाटाड्या नव्हता, तिकीट नव्हते. एक चित्र संपले की पुढच्या वळणावर दुसरे डोकावायचे आणि पाय आपोआप तिकडे वळायचे. मला त्यातली निम्मी चित्रे फारशी आवडली नाहीत, हे स्पष्टच सांगते. पण त्या चित्रांमागे जाताना मधली घरे दिसली, बेकरी दिसली, पायरीवर बसून मासळी साफ करणारी बाई दिसली. एरवी मी त्या गल्लीत शिरलेच नसते. चित्राने मला आत नेले, आणि पाहिले मी गाव.

तिथून भाचीने वांद्रे रेक्लमेशनकडे नेले. तिथे एमटीएनएलच्या उंच इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये दादासाहेब फाळक्यांचे चित्र रंगवले. ते सांगताना ती म्हणाली, "मावशी, हे तुमच्या नाशिकचे ना?" आमचेच. त्र्यंबकला १८७० मध्ये जन्मले, मुंबईत चित्रपट काढल्यावर आपले बिऱ्हाड आणि कामकाज नाशकात घेऊन आले, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी डोळे मिटले तेही नाशकातच. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, ते योग्यच आहे. पण जुन्या गावातल्या माझ्या रोजच्या वाटेवर फाळक्यांची आठवण देणारी एक भिंत नाही आणि वांद्र्यात ती आहे, याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

आता आमच्या गल्ल्यांत काय काढले जाते ते सांगते. एका भिंतीवर नळ, नळातून पडणारा थेंब, थेंबात पृथ्वी. पुढच्या वळणावर सूर्यनमस्कार घालणारी आकृती. त्यापुढे वारली नृत्य. हीच तीन चित्रे सिडकोत आहेत, नाशिकरोडला आहेत, आणि बहुधा आणखी दहा गावांत असतील. वारली चित्रापुढे मी मुद्दाम थांबले. वारल्यांच्या चित्रात तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती गुंडाळत जाते. तिचे एक टोक मोकळे असते, कारण तिथून नवा माणूस सामील होतो. नाचणाऱ्यांचे हात एकमेकांच्या पाठीमागून गुंफलेले असतात आणि तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. आमच्या भिंतीवर मात्र बंद वर्तुळ आहे आणि तारपेवाला बाहेर, कोपऱ्यात उभा. भिंतीवर पेन्सिलीने आखलेले चौकोन रंगाखालून अजून दिसतात, म्हणजे मुलांनी कष्ट घेतले आहेत, फोनमधले चित्र चौकोन मोजून मोठे केले आहे. त्या मुलांना मी बोल लावत नाही. त्यांना कोणीतरी रंगाचे डबे दिले, दोन दिवस दिले आणि "काहीतरी छान काढा" असे सांगितले. पंचवीस पावलांवर काय घडून गेले आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट भिंत कोणती निवडली याची आहे. घाटाकडे उतरणाऱ्या एका जुन्या बांधकामाच्या भिंतीवर कोणीतरी आकाशी तैलरंग फासून त्यावर चित्र काढले होते. खाली काळा दगड, सांध्यांत चुना, वरच्या भागात विटांवर चुन्याचा गिलावा. दोन पावसाळे गेले आणि रंगाची कातडी पापडासारखी फुगून आली. मी नखाने एक पापुद्रा उचलला तर त्याच्या पाठीला चुन्याचा थर चिकटून आला आणि मागे पांढरी भुकटी सांडली. आमच्याकडे याला लोणा लागणे म्हणतात. चुन्याचा गिलावा ओल पितो आणि उन्हात ती बाहेर टाकतो. जुनी भिंत इतकी वर्षे टिकते ती या देवघेवीवर. तैलरंगाने किंवा प्लास्टिक इमल्शनने तिचे तोंड बंद केले की ओल आत कोंडते, तिच्यातले क्षार रंगाच्या मागे जमून स्फटिक धरतात आणि गिलावा आतून ढकलून पाडतात. दगडावरचा रंग काढायचा म्हटले तर रसायन लावा किंवा वाळूचा मारा करा. दोन्हींत पाथरवटाच्या टाकीचे घाव पुसले जातात. ते घाव म्हणजे त्या माणसाची सही असते.

लाकडाचीही तीच गत. आमच्या भागात एका वाड्याचा दिंडीदरवाजा अजून उभा आहे. चौकटीवर गणेशपट्टी, दोन्ही बाजूंना केळफुले, खांबाखाली दगडी तळखडा. सुशोभीकरणाच्या भरात त्यावर चॉकलेटी ऑइलपेंटचे थर चढले. गणपतीच्या सोंडेची वळी, हातातला मोदक, केळफुलाच्या पाकळ्यांमधली खाच, सगळे भरून गुळगुळीत झाले आहे. सागवानावर असे बारीक काम करणारा कारागीर आज मिळणे कठीण, आणि त्याने जे महिनोन्महिने कोरले ते एका दुपारच्या रंगकामाने बुजले. मालकांना वाटले दार नवे झाले. त्यांना समजावून सांगणारे कोणी नव्हते.

दिल्लीच्या लोधी कॉलनीचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते. तिथली चित्रे मी फक्त छायाचित्रांत पाहिली आहेत आणि ती सुंदर आहेत. पण ती १९४०च्या दशकातली सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे, तिच्या मोठमोठ्या भिंती मुळातच कोऱ्या होत्या. आपल्या वाड्यांच्या, घाटांच्या, देवळांच्या भिंती कोऱ्या नाहीत. त्यांच्यावर आधीच काम झालेले आहे. नारोशंकराच्या देवळाला एकदा सावकाश प्रदक्षिणा घालून वर बघा. चोचीत माळ धरलेले मोर आहेत, वाघ आहेत, माकडे आहेत, हत्ती आहेत. रस्त्यावरून फुकट बघायला मिळणारी कला म्हणून काही असेल तर नाशकात ती १७४७ पासून आहे.

मग चित्रे काढायचीच नाहीत का? जरूर काढायची, जागा भरपूर आहेत. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या आंधळ्या सिमेंट भिंती, ट्रान्सफॉर्मरभोवतीची कुंपणे, दुकानांची शटर, पालिकेच्या शाळांच्या मागच्या बाजू. पुढे जी वाट सांगते ती मी मनाशी आखलेली आहे आणि ती चालायला निवांत अर्धा दिवस पुरतो.

सुरुवात रविवार कारंजापासून करावी. चांदीच्या गणपतीला नमस्कार करून उतारावरून नदीकडे निघाले की अहिल्यादेवी होळकर पूल लागतो. जुनी माणसे याला अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात, तो १८९५चा. पुलाच्या तोंडाशी सुंदरनारायण, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये बांधलेले. मार्चच्या एकवीस तारखेच्या सुमारास उगवत्या सूर्याची किरणे थेट मूर्तीवर येतात. इथे चित्राची गरज नाही. समोरच्या एखाद्या सिमेंटच्या कठड्यावर सूर्याची तिरपी रेघ आणि तारीख एवढे काढले तरी येणारा माणूस मागे वळून देवळाकडे बघेल.

तिथून मागे फिरून सराफ बाजारात यावे. सरकारवाडा इथेच. पेशवाईतला हा वाडा, त्याचे सागवानी खांब आणि महिरपी बघायला आत जायला हवे. पोलीस ठाण्याला अजून त्याचेच नाव आहे. पण सराफ बाजाराची खरी गोष्ट पाण्याची आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर आकडे विचारत नाहीत, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून "दुतोंड्याच्या कुठपर्यंत आले?" असे विचारतात. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, यावर कोणत्या पेठेने दुकान आवरायचे ते ठरते. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही पुरांत सराफ बाजारात पाणी शिरले. १९६९च्या महापुराबद्दल तर आमची आई मरेपर्यंत बोलत होती. या बाजारातल्या सिमेंटच्या भिंतींवर त्या त्या वर्षीची पाण्याची पातळी एका निळ्या पट्टीने दाखवा, शेजारी फक्त साल लिहा. कोणत्या वर्षी कोणत्या पायरीपर्यंत, हे तिथले जुने दुकानदार बोट ठेवून दाखवतील. पाहुणा आपल्या डोक्याच्या वर गेलेली रेघ बघेल आणि मग पुढे घाटावर दुतोंड्या मारुतीसमोर उभा राहील तेव्हा त्याला कोणी काही समजावून सांगावे लागणार नाही. शाळेच्या मुलांनाही नदीची पूररेषा म्हणजे काय हे अशीच कळेल.

सराफ बाजारातून भांडी बाजार, तांबट लेन. तांब्याच्या पत्र्यावर लाकडी हातोडा पडतो तो आवाज माझ्या लहानपणी सकाळी उठवायचा. आता तो क्वचित ऐकू येतो, पण येतो. इथल्या शटरवर घंगाळ, बंब, कळशी, तांब्या, गडवा, अभिषेकपात्र अशी एकेक भांडी त्यांच्या नावासकट काढावीत. शटर बंद असते तेव्हाच चित्र दिसेल आणि उघडले की खरे भांडे दिसेल. नव्या मुलांना घंगाळ आणि बंब यातला फरक सांगता येत नाही, हे मी वर्गात अनुभवले आहे.

तिळभांडेश्वराच्या गल्लीत सावरकर बंधूंच्या मित्रमेळा आणि अभिनव भारत या क्रांतिकारक संघटनांची आठवण आहे, कवी गोविंदांची आठवण आहे. तिथून जवळच विजयानंद नाट्यगृह. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने तिथे गोळ्या झाडल्या, आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेऱ्यांच्या नावाचे मैदान सगळ्यांना माहीत आहे, तिथे सभा होतात, सामने होतात. घटना जिथे घडली ती जागा दाखवा म्हटले तर दहातले आठ जण गप्प राहतात. इथे पिस्तूल आणि रक्त रंगवू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिघांचे चेहरे, साधे, काळ्या-पांढऱ्यात, आणि दोन तारखा. बस्स.

आणि रहाडी. यावर मला थोडे जास्त लिहू द्या, कारण अशी गोष्ट दुसऱ्या गावात मी ऐकलेली नाही. रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटातला दगडी बांधणीचा खोल हौद. वर्षभर तो लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेला असतो आणि वरून दुचाक्या जातात. रंगपंचमीच्या आधी तो उघडतात, धुतात, पूजा करतात, फुलांपासून उकळून केलेला रंग त्यात ओततात आणि मग दिवसभर माणसे त्यात उड्या घेतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. रंग असा चढतो की आठ दिवस उतरत नाही. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आहे आणि तो बदलत नाही: आमची तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी, शनी चौकाची गुलाबी. अंगावरचा रंग बघून कोण कुठे धप्पा घेऊन आला ते ओळखता येते. माझे वडील रंगपंचमीच्या संध्याकाळी पिवळेधमक होऊन यायचे आणि आजी त्यांना दारातच थांबवायची. बाकीचे वर्षभर मात्र या चौकांतून जाणाऱ्याला खाली काय आहे याचा पत्ताच नसतो. काही जुन्या रहाडी तर रस्त्याखाली कायमच्या बुजून गेल्या. म्हणून प्रत्येक रहाडीच्या चौकातली जवळची एक सिमेंट भिंत त्या रहाडीच्या रंगात, फक्त त्याच एका रंगात रंगवावी, आणि त्यावर धप्पा घेणारी एक आकृती काढावी, हवेत उचललेली, गुडघे छातीशी घेतलेली. नकाशाची गरजच उरणार नाही. पिवळ्यापासून केशरीपर्यंत आणि केशरीपासून नदी ओलांडून गुलाबीपर्यंत कोणीही चालत जाईल. जिथल्या रहाडी बुजल्या तिथेही जुन्या माणसांना विचारून जमिनीवर एक रंगीत चौकट आखता येईल.

नदीकाठची काझीची गढी या वाटेवर असायलाच हवी. १९५०-५१ मध्ये डॉ. हसमुख सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी इथल्या मातीच्या टेकाडात उत्खनन केले आणि नाशिकची वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी असल्याचा पुरावा हाती आला. आज त्याच गढीच्या कडा दर पावसाळ्यात ढासळतात आणि वरच्या घरांतली माणसे रात्र जागून काढतात. तिथे चित्र वगैरे काही नको. आधी ती माणसे आणि ती माती सुरक्षित करा. पाहुण्याने ती लांबून बघितली तरी पुरे.

पूल ओलांडून पंचवटीत आलो की नारोशंकर. वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा इथे टांगलेली आहे. मग रामकुंड, नंदी नसलेला कपालेश्वर, इंद्रकुंडाकडे गायनाचार्य विष्णू दिगंबर पलुस्करांची आठवण. बुधवारी गेलात तर घाटावरचा बाजारही मिळतो. हा सारा पट्टा ज्येष्ठ चित्रकार शिवाजी तुपे यांनी जलरंगात किती वेळा उतरवला! ओला दगड, पायऱ्यांवरचे ऊन, रंगीत लुगडी. आजही रविवारी सकाळी घाटावर चित्र काढणारी मुले ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली असतात. त्यांच्यासाठी घाटाच्या वरच्या बाजूला सिमेंटची एक लांब भिंत राखून ठेवावी, दर वर्षी नव्या मुलांनी घाट आहे तसा बघून त्यावर रंगवावा. फोनमधून उतरवून नव्हे, समोर बसून.

वाट काळारामाशी संपावी असे मला मनापासून वाटते. सरदार रंगराव ओढेकरांनी उभारलेले हे काळ्या दगडाचे देऊळ सगळे बघतात. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे या देवळाच्या दारांशी आली आणि दारे बंद ठेवली गेली, दादासाहेब गायकवाडांनी तो सत्याग्रह पुढे काही वर्षे नेटाने चालवला, हे दर्शनाच्या रांगेतल्या किती जणांना माहीत असते? देवळाच्या भिंतीला बोटही लावू नये. बाहेरच्या रस्त्यावर सिमेंटच्या भिंती आहेत. त्यातल्या एकीवर ती मिरवणूक चालत येताना काढावी, बायका पुढे, पोरे कडेवर, आणि चित्राची दिशा देवळाच्या दाराकडे असावी. बघणारा त्यांच्या बाजूने चालत दारापर्यंत पोचेल.

हे काम कोणी करावे? आपल्या शहरात फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते. खडूची दोरी मारून, हात न थरथरता फूटभर उंचीचे अक्षर काढणारे. त्यातले काही अजून आहेत, कोणी रिक्षा चालवतो, कोणी वॉचमन आहे. भिंत कशी तयार करायची, कोणता रंग किती पावसाळे झेलेल, उन्हाच्या बाजूला लाल रंग लवकर का उडतो, हे त्यांना पाठ आहे. चित्रकला महाविद्यालयातल्या मुलांनी त्यांच्या हाताखाली काम करावे. सर्वांना योग्य मजुरी द्यावी; "मुलांना अनुभव मिळेल" म्हणून फुकट राबवू नये. चित्राखाली ज्याने काढले त्याचे नाव आणि साल असावे, प्रायोजकाचे नाव चित्राहून मोठे नसावे.

गल्लीत राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय एक भिंतही रंगवू नये. रानवरमध्ये एका घराच्या पायरीवर फोटोसाठी मुले बसली होती आणि आतल्या आजी निमूटपणे खिडकी लावून घेत होत्या, ते मला आवडले नाही. आमचे ओटे ही आमच्या घराची बैठक आहे, तिथे संध्याकाळी बायका भाजी निवडतात. म्हणून चित्र कोणाच्या दारासमोर, खिडकीसमोर नसावे, आणि रात्री नऊनंतर फिरणाऱ्यांनी येऊ नये अशी पाटी वाटेच्या सुरुवातीलाच असावी.

नकाशा कागदावर छापावा. रविवार कारंजा, रामकुंड आणि सीबीएस बस स्थानकावर तो मराठीत आणि हिंदीत दोन-पाच रुपयांना मिळावा. स्वच्छतागृह कुठे, पिण्याचे पाणी कुठे, पायऱ्या टाळून जायचे तर कोणत्या गल्लीने, एवढे त्यात असले म्हणजे एकटी बाईसुद्धा नातवाचा हात धरून निर्धास्त फिरेल. फोनमध्ये नकाशा असला तर चांगलेच, पण आमच्या अरुंद गल्ल्यांत फोनचा निळा ठिपका सारखा उड्या मारतो.

३१ ऑक्टोबर २०२६ हा सिंहस्थाच्या ध्वजारोहणाचा दिवस आहे आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला. रंगकामाचे ठेके निघण्याआधी पालिकेने, पुरातत्त्व विभागाने आणि आम्ही रहिवाशांनी एकदा ही वाट बरोबर चालून पाहावी आणि प्रत्येक भिंतीवर खडूने "रंगवा" किंवा "हात लावू नका" एवढी खूण करावी. राज्य संरक्षित वास्तूंना रंग लागणार नाही याची लेखी अट ठेक्यात असावी. जुन्या गावठाणातल्या कोणत्या भिंती चुन्याच्या, कोणत्या सिमेंटच्या, याची गल्लीवार यादी मी आणि माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी करायला घेतली आहे. तिवंधा, तांबट लेन आणि दिल्ली दरवाजाचा भाग झाला आहे, पंचवटीचा बाकी आहे. ज्या अधिकाऱ्यांना ती हवी असेल त्यांना तुमच्या कार्यालयामार्फत लगेच पोचवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षिका,
तिवंधा, जुने नाशिक